लहान मुलाच्या नाकातल्या गाठीला हात लावण्याआधी : मुलांना सर्वांत आधी तपासणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

हे पत्र लहान मुलांना सगळ्यात आधी बघणाऱ्यांसाठी आहे. बालरोगतज्ज्ञ, नवजात अतिदक्षता विभागातले डॉक्टर आणि परिचारिका, आणि माझ्याच शाखेतले कान-नाक-घसा तज्ज्ञ. मागणी आधीच सांगून टाकते. बाळाच्या नाकावर किंवा नाकात मधोमध गाठ दिसली, किंवा लहान मुलाच्या एकाच नाकपुडीत मांस वाढल्यासारखं काही दिसलं, तर एमआरआय झाल्याशिवाय त्याला सुई टोचू नका, चिमटा लावू नका, तुकडा काढू नका. आणि ज्या मुलाला मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग) दुसऱ्यांदा झाला आहे, त्याच्या कवटीचा तळ आणि दोन्ही कान तपासल्याशिवाय त्याची फाइल बंद करू नका.

जन्मतः कवटीच्या तळाला छिद्र राहिलेल्या मुलांवर नाकातून, दुर्बिणीने शस्त्रक्रिया करणं हे माझं रोजचं काम आहे. आमच्यापर्यंत येणाऱ्या काही मुलांच्या नाकाला त्याआधीच हात लागलेला असतो. पॉलिप, म्हणजे नाकाच्या अस्तराची साधी वाढ, समजून गाठ ओढायला घेतली, नाकातून स्वच्छ पाणी वाहायला लागलं, नाकात बोळा भरला, आणि काही दिवसांनी मूल ताप आणि ताठ मान घेऊन परत आलं. यात कुणाचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. जे दिसत होतं ते खरंच पॉलिपसारखं दिसत होतं. हा दोष दुर्मीळ आहे. मेंदूचा भाग कवटीच्या तळातून नाकाकडे उतरण्याचं प्रमाण साधारण 35,000 ते 40,000 जन्मांमागे एक असं मानलं जातं. पूर्ण कारकिर्दीत असं एखादंच मूल तुमच्यासमोर येईल, कदाचित येणारही नाही. पण जे येईल त्याचं पुढचं सगळं तुमच्या पहिल्या दहा मिनिटांवर ठरतं.

हे घडतं कसं ते थोडक्यात सांगते, कारण ते लक्षात राहिलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मेंदूच्या आवरणाचं एक बारीक टोक कवटीच्या पुढच्या तळातल्या फोरॅमेन सीकम नावाच्या छिद्रातून खाली उतरतं आणि नाकाच्या त्वचेपर्यंत पोचतं. नंतर ते मागे ओढलं जातं आणि छिद्र मिटतं. मागे जाताना त्वचेच्या पेशी सोबत ओढल्या गेल्या तर डर्मॉइड, म्हणजे त्वचेच्या पेशींची गाठ, तयार होतं. मेंदूच्या ऊतीचा तुकडा बाहेर अडकला आणि वाट मागून बंद झाली तर नाकातला ग्लायोमा होतो. नाव तेच असलं तरी हा मेंदूतला कॅन्सर नव्हे. आणि वाट मिटलीच नाही तर तिच्यातून आवरण, मेंदूतलं पाणी आणि कधी मेंदूचा भागही नाकात येतो, हा एन्सेफॅलोसील. तळात आणखी मागे, एथमॉइड आणि स्फेनॉइड हाडांतही अशी वाट राहू शकते, आणि तिथला एन्सेफॅलोसील बाहेरून दिसतच नाही.

म्हणजे नाकाच्या मध्यरेषेवरच्या या तिन्ही गाठींच्या मागे मेंदूकडे जाणारी वाट उघडी असू शकते. ग्लायोमाच्या 15 ते 20 टक्के मुलांमध्ये आत जाणारा तंतूंचा देठ सापडतो. डर्मॉइडचं तर बाहेर फक्त एक टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसतं. त्या छिद्रातून केस डोकावत असेल तर निदान तिथेच झालं, पण ती नळी किती खोल गेली आहे हे बोटाने दाबून कळणार नाही.

आता तपासणीबद्दल जरा सावकाश लिहिते, कारण सगळा फरक इथेच पडतो.

दहा वर्षांखालच्या मुलाला साधा पॉलिप होणं मुळात कमी. झालेच तर सिस्टिक फायब्रोसिस (शरीरातले स्राव घट्ट करणारा आनुवंशिक आजार) मनात यायला हवा, आणि तेही बहुधा दोन्ही बाजूंना असतात. एकाच बाजूचा ‘पॉलिप’ हा उलट सिद्ध होईपर्यंत एन्सेफॅलोसील समजायचा. 2.7 मिलिमीटरची दुर्बीण हाताशी असेल तर एक गोष्ट आवर्जून पाहा : गाठ मिडल टर्बिनेटच्या (नाकाच्या बाहेरच्या भिंतीवरून आत आलेल्या मधल्या हाडाच्या) कुठल्या बाजूला आहे? पॉलिप सहसा टर्बिनेटच्या बाहेरच्या अंगाने, सायनसच्या वाटेतून येतो. एन्सेफॅलोसील बऱ्याचदा टर्बिनेट आणि मधला पडदा यांच्या मधून, वरून लोंबत येतो. दुर्बीण हळूच वर नेली तर गाठीचं मूळ छताकडे जाताना दिसतं. रंग किंचित निळसर, पृष्ठभाग गुळगुळीत आणि ओलसर. क्षणभर दुर्बीण स्थिर धरली तर नाडीबरोबर हलणारी गाठ दिसू शकते. मूल रडलं की ती फुगते. मानेच्या शिरा हलक्या दाबल्यावर फुगण्याला फर्स्टेनबर्ग चिन्ह म्हणतात. ग्लायोमा आणि डर्मॉइड असे फुगत नाहीत. पण एक इशारा देते. चिन्ह मिळालं तर शंका पक्की होते, नाही मिळालं म्हणून शंका फिटत नाही. अरुंद छिद्रातून आलेला एन्सेफॅलोसील फुगेलच असं नाही.

दुर्बीण नसेल तरी मुलाचा चेहरा पुष्कळ सांगतो. दोन डोळ्यांमधलं अंतर जास्त, नाकाचं मूळ रुंद, टाळू दुभंगलेली, दृष्टिपटलाच्या तपासणीत ऑप्टिक डिस्क (दृष्टीची नस डोळ्याला मिळते ती जागा) वेगळी, खास करून मॉर्निंग ग्लोरी, म्हणजे त्या फुलासारख्या दिसणाऱ्या, प्रकारची. अशा मुलाला श्वासाला किंवा दूध ओढायला त्रास होत असेल तर स्फेनॉइडमधून उतरलेल्या एन्सेफॅलोसीलचा विचार त्याच दिवशी व्हायला हवा. नवजात बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतं, त्यामुळे छोटीशी गाठही त्याचा जीव कासावीस करते. दूध ओढताना दर दोन घोटांनी थांबणारं बाळ ‘सर्दी आहे’ म्हणून आठवडेच्या आठवडे थेंब घालून घेत राहतं, हे आम्ही पाहतो.

नवजात विभागातल्या परिचारिकांना वेगळी विनंती. नाकाचं मूळ रुंद असलेल्या, टाळू दुभंगलेल्या किंवा चेहऱ्याच्या मध्यरेषेत काही दोष असलेल्या बाळाला नाकातून नळी घालू नका, तोंडातून घाला. नाकातली नळी आंधळेपणाने पुढे सरकते, आणि तळाला हाडच नसेल तर ती कुठे जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. हीच काळजी सक्शन कॅथेटरबाबत. तुम्ही बाळाला सगळ्यात जास्त वेळ पाहता. “याची एकच नाकपुडी सारखी ओली असते” हे वाक्य तुमच्याकडून आलं तर त्याची नोंद डॉक्टरांनी केलीच पाहिजे, आणि हे मी डॉक्टरांनाच उद्देशून लिहिते आहे.

ओल्या नाकपुडीबद्दल. मेंदूतलं पाणी गळत असेल तर ते शेंबडासारखं चिकट नसतं. रुमाल वाळल्यावर कडक होत नाही. बहुधा एकाच बाजूने येतं आणि मूल पुढे वाकलं की वाढतं. ते तपासायला बीटा-2 ट्रान्सफरिन ही मेंदूतल्या पाण्यातलं प्रथिन ओळखणारी चाचणी आहे आणि तिला अगदी थोडं पाणी पुरतं. साखरेच्या पट्टीवर विसंबू नका, शेंबूड आणि अश्रूही पट्टीचा रंग बदलतात. दोन वर्षांच्या मुलाकडून हे पाणी मिळवणं डॉक्टरला क्वचितच जमतं. आईला जमतं. तिला छोटी स्वच्छ बाटली द्या, मुलाला मांडीवर पालथं घेऊन मान खाली करायला सांगा आणि घरी पाठवा. जमवलेले थेंब घेऊन ती परत येते.

पाणी बाहेर न येता घशात जाणं तर आणखी फसवं. मग पहिलं लक्षण मेनिंजायटिस हेच असतं. न्यूमोकॉकस या जंतूचा मेनिंजायटिस पुन्हा झाला तर मुलाची प्रतिकारशक्ती तपासली जाते, आणि ती तपासायलाच हवी, पण तेवढ्यावर थांबलं जातं. कवटीच्या तळाची वाट राहून जाते. आणि नाकाचं छत ठीक असलं तरी कान उरतो. आतल्या कानाची रचना जन्मतः अपुरी असेल, उदाहरणार्थ माँडिनी प्रकारची, तर पाणी मधल्या कानात येतं आणि तिथून कान आणि नाकाची मागची बाजू जोडणाऱ्या युस्टेशियन नळीने नाकात उतरतं. त्यामुळे अशा मुलाची श्रवण चाचणी करा. एका कानाने ऐकू न येणारं आणि दोनदा मेनिंजायटिस झालेलं मूल समोर असेल, तर शोध कानापासून सुरू करा.

एमआरआय आधी का, हेही सांगते. बाळाच्या नाकाचं छत जन्मावेळी बहुतेक कूर्चेचं असतं. क्रिब्रिफॉर्म प्लेट, म्हणजे छताचा वासाच्या नसा जातात तो चाळणीसारखा भाग, पहिल्या दोनेक वर्षांत हळूहळू हाडाची होत जाते, आणि फोरॅमेन सीकम तर त्याहून उशिरा मिटतं. सीटीवर कूर्चा दिसत नाही, म्हणून सहा महिन्यांच्या निरोगी बाळाच्या सीटीतही छताला भोक आहे असं वाटू शकतं. पातळ कापांच्या एमआरआयमध्ये, विशेषतः पाणी ठळक दाखवणाऱ्या टी-2 प्रकारच्या चित्रांत, गाठीत काय आहे आणि तिचा मेंदूशी संबंध आहे का, हे दिसतं. हाडाच्या कडा मोजायला आणि शस्त्रक्रियेचा मार्ग आखायला सीटी लागतो, पण तो नंतर आणि कमीत कमी किरणोत्सर्गात. मुलाला भूल देऊन एमआरआय करावा लागेल म्हणून तो टाळून तुकडा काढायची घाई करू नका. तुकडा काढायलाही भूल लागतेच.

यापुढचं लिखाण मुख्यतः माझ्या शाखेतल्या आणि न्यूरोसर्जन सहकाऱ्यांसाठी.

वॉल्टर डँडी यांनी 1926 मध्ये कवटी उघडून अशी गळती बंद केली, आणि पुढची कित्येक वर्षं तोच मुख्य मार्ग राहिला. 1948 मध्ये डोलमन यांनी कवटी न उघडता, बाहेरून छेद घेऊन दुरुस्ती केली, आणि 1981 मध्ये विगांड यांनी दुर्बिणीचा वापर केल्याचं लिहिलं. लहान मुलांपर्यंत हे तंत्र यायला आणखी वेळ लागला, त्याला कारण होतं. नाकपुडी एवढीशी, सायनस पूर्ण तयार नाहीत, स्फेनॉइडमध्ये तर तिसऱ्या वर्षाच्या आसपासपर्यंत हवेची जागाच नसते. आज बारीक दुर्बिणी, बारीक ड्रिल आणि हत्यार नक्की कुठे आहे ते स्कॅनवर दाखवणारं नेव्हिगेशन आहे, त्यामुळे तान्ह्या बाळाच्या नाकातूनही तळापर्यंत पोचता येतं.

कपाळामागून कवटी उघडायची म्हणजे मेंदूचा पुढचा भाग उचलून धरावा लागतो. वासाच्या नसा तुटण्याची शक्यता मोठी, झटक्यांचा धोका आहेच, आणि रक्तस्राव. बाळाच्या अंगात किलोमागे साधारण 80 मिलिलिटर रक्त असतं; पाच किलोच्या बाळात मिळून 400. त्यातलं 40 मिलिलिटर गेलं म्हणजे दहावा हिस्सा गेला. प्रौढ माणसाच्या शस्त्रक्रियेत जो स्राव आपण नोंदवूनही सोडून देतो, तो इथे भूलतज्ज्ञाला थांबवायला लावतो. नाकातून गेलं तर मेंदूला हात लागत नाही, डोक्यावर व्रण राहत नाही, आणि छिद्र थेट समोर दिसतं.

प्रत्यक्ष काम असं चालतं. नाकातली पिशवी बायपोलरने (विजेने ऊती आकसवणाऱ्या चिमट्याने) थोडी थोडी आकसवत तिच्या मानेपर्यंत, म्हणजे छिद्रातल्या अरुंद भागापर्यंत, न्यायची. ओढायची नाही. नाकात उतरलेली मेंदूची ऊती बहुतेक वेळा काम करत नसते, म्हणून ती काढता येते. पण तिच्यातली रक्तवाहिनी तुटून आत सरकली तर कवटीच्या आत रक्तस्राव होतो, आणि तो नाकातून थांबवता येत नाही. म्हणून एकेक वाहिनी शांतपणे बंद करत वर जायचं. मग छिद्राच्या कडेभोवतीचं नाकाचं अस्तर खरवडून हाड उघडं करायचं. हे टाळलं तर बसवलेला थर चिकटत नाही, आणि अस्तर आत दबलं गेलं तर पुढे तिथे श्लेष्मल गाठ होते. त्यानंतर थर. एक आतून, हाडाच्या वर, एक बाहेरून, मांडीचं किंवा कानामागचं फॅशिया (स्नायूवरचं पातळ आवरण), थोडी चरबी, छिद्र मोठं असेल तर कूर्चेचा तुकडा, वर जिवंत रक्तपुरवठ्याचं अस्तर. नाकाच्या मधल्या पडद्याच्या अस्तराचा देठासकट फ्लॅप (रक्तपुरवठा राखून उचललेला तुकडा), जो हदाद आणि बासागास्टेगी यांच्या नावाने 2006 पासून वापरात आहे, तो लहान मुलात कधी आखूड पडतो, कारण चेहरा अजून वाढायचा असतो. तो सीटीवर आधीच मोजा, टेबलावर नव्हे.

निकाल चांगले आहेत. दुर्बिणीने केलेल्या गळतीच्या दुरुस्त्यांचा 2000 साली जो एकत्रित आढावा निघाला, त्यात पहिल्या प्रयत्नात सुमारे 90 टक्के छिद्रं बंद झाली होती. त्यात प्रौढ रुग्ण मोठ्या संख्येने होते, हे मुलांच्या पालकांशी बोलताना सांगायला हवं. पहिली शस्त्रक्रिया हीच सर्वांत चांगली संधी असते. दुसऱ्यांदा जाताना अस्तर चिकटलेलं असतं, फ्लॅप वापरून झालेला असतो, आणि मुलाने आणखी एक मेनिंजायटिस सोसलेला असू शकतो.

सगळीच मुलं या मार्गाला योग्य नाहीत, आणि इथे मला मोकळेपणाने बोलायचं आहे. कपाळाच्या हाडातून नाकाच्या मुळाशी बाहेर आलेला मोठा एन्सेफॅलोसील असेल, डोळ्यांचं अंतर दुरुस्त करायचं असेल, तर कवटी आणि चेहरा एकत्र दुरुस्त करणारी उघडी शस्त्रक्रियाच बरी. स्फेनॉइडमधून उतरलेल्या पिशवीत पिट्युटरी आणि हायपोथॅलॅमस हे हार्मोन सांभाळणारे भाग, दृष्टीच्या नसा असू शकतात. ती कापायची नाही. आवरण जपून पिशवी वर सरकवता आली तर सरकवायची, नाहीतर आहे तशी ठेवून खालून आधार द्यायचा. अशा मुलाचं कॉर्टिसोल आणि थायरॉइड या हार्मोनांचं प्रमाण भूल देण्याआधी पाहिलेलंच हवं. ते कमी असताना भूल दिली तर संकट शस्त्रक्रियेपेक्षा मोठं होतं. मेंदूतल्या पाण्याचा दाब वाढलेला असेल तर आधी त्याची व्यवस्था, नाहीतर कितीही सुंदर केलेला थर सुटतो.

वयाचा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. “दोन-तीन वर्षांचं होऊ दे, मग बघू” हे वाक्य सरसकट ऐकू येतं. गळती नसेल, श्वास मोकळा असेल, मेनिंजायटिस झालेला नसेल, तर थांबायला माझीही हरकत नाही. मूल वाढतं, नाक वाढतं, रक्त वाढतं, काम सोपं होतं. पण पाणी गळतं आहे, किंवा मेनिंजायटिस झाला आहे, किंवा बाळाला श्वास पुरत नाही, तर वजन वाढण्याची वाट पाहणं म्हणजे मुलाला रोज धोक्यात ठेवणं. तेवढे दिवस रोज अँटिबायोटिक देऊन काढू नका. त्याने मेनिंजायटिस टळतो असा भरवसा नाही आणि प्रतिरोधी जंतू मात्र वाढतात. लसी मात्र पूर्ण करा, न्यूमोकॉकसची सर्वांत आधी. चेहऱ्याची वाढ खुंटेल या भीतीने नाकाची वाट नाकारली जाते. पडद्याची कूर्चा जपली तर वाढीवर ठळक परिणाम आतापर्यंतच्या अनुभवात दिसलेला नाही. तरी अशी मुलं मोठी होईपर्यंत आपण त्यांना बोलावत राहिलं पाहिजे, कारण याचं पक्कं उत्तर त्या नोंदींतूनच मिळणार आहे.

शस्त्रक्रियेनंतर प्रौढाला सांगता येतं की नाक शिंकरू नका, कुंथू नका. दीड वर्षाच्या मुलाला कसं सांगणार? म्हणून भुलीतून शांतपणे बाहेर काढणं, वेदना आधीच आवरणं, शौच मऊ ठेवणं, डोकं थोडं उंच ठेवणं, आणि मुखवट्याने दाबाने हवा न देणं, हे सगळं आधी ठरलेलं हवं. ती हवा ताज्या थराखालून कवटीत शिरू शकते. भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभागातले लोक शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच्या चर्चेत नसतील तर ती चर्चा अपुरी आहे. आणि ज्या रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन एकाच टेबलाभोवती उभे राहत नाहीत, तिथे हे काम सुरू करू नये, हे माझं ठाम मत आहे. मूल पुढे पाठवण्यात कमीपणा काहीच नाही.

पालकांबद्दल एक विनंती. निदान सांगितल्यावर आई बहुतेक वेळा हाच प्रश्न विचारते : गरोदरपणात माझं काय चुकलं? काही आया विचारत नाहीत, मनात ठेवतात. तिने विचारायची वाट पाहू नका. तिच्या खाण्याने, कामाने, प्रवासाने हे झालेलं नाही, हे निदानाच्या त्याच बैठकीत, वडील आणि आजी-आजोबा समोर असताना स्पष्ट सांगा. नंतर सांगितलेलं घरात पोचत नाही.

मूल पाठवताना चिठ्ठीत एवढं लिहा : पाणी कुठल्या नाकपुडीतून येतं आणि कधीपासून; मेनिंजायटिस किती वेळा झाला, कुठला जंतू सापडला; ऐकण्याची आणि दृष्टिपटलाची तपासणी झाली का; नाकात आजवर कुणी काही केलं आहे का, केलं असेल तर नक्की काय. हे शेवटचं लिहायला संकोच वाटतो, मला कळतं. तरी लिहा. आधी तुकडा काढलेला आहे हे आम्हाला टेबलावर कळण्यापेक्षा चिठ्ठीत कळलेलं मुलासाठी फार बरं असतं. एमआरआयची चित्रं सीडीवर द्या, नुसता अहवाल नको.

आपली नम्र,
लहान मुलांच्या नाकाच्या आणि कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रिया करणारी एक कान-नाक-घसा सर्जन